ठराव आणि तळं



ठराव हा शब्द आपल्या पोरांना फार प्यारा. सभा झाली, चहा झाला, ठराव झाला, चला घरी. मीही त्यातलाच. म्हणून महाड आठवलं की मला पाण्याच्या आधी ठरावच आठवतो.

हिशेब बघा. 4 ऑगस्ट 1923 ला सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झाला. सरकारी पैशाची तळी, विहिरी, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागदावर. पुढं तीन वर्षं उलटली तरी आपल्या माणसाच्या ओंजळीत ते पाणी आलं नाही. गुरंढोरं पीत होती. कागद आपला, पाणी त्यांचं!

भीती होती, ती खोटी नव्हती. गावात मार, वाळीत टाकणं, पोटावर पाय. पण मला वाटतं आतून आणखी एक किडा पोखरत होता: हे करणारे आपण कोण? हा सवाल शेकडो वर्षं दुसऱ्यांनी आपल्याला विचारला, शेवटी आपल्याच तोंडून यायला लागला.

याच मुलखात दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे होते. जन्म 1903. महाडच्या शाळेत जातीमुळं घेईनात, तर पोरवयातच पेपरात पत्र छापून आणून त्यांनी प्रवेश मिळवला. पदवी नाही, पैसा नाही, मुंबईत मिळंल ते काम. आणि या माणसानं कोलंबिया-लंडनहून शिकून आलेल्या बॅरिस्टर बाबासाहेबांना सांगायचं की महाडात परिषद घेऊ, तुम्ही अध्यक्ष व्हा! जिना चढताना पाय थरथरले असतील का? मला माहीत नाही. माझे थरथरले असते. पण मोरे गेले, पुन्हा गेले, गावोगाव फिरले. परिषद व्हायला मार्च 1927 उजाडला. तेव्हा ते चोविशीत. माझंच वय.

19 आणि 20 मार्च. हजारो माणसं जमली. पिण्याचं पाणी चाळीस रुपये मोजून विकत घ्यावं लागलं, तळं हाकेच्या अंतरावर असताना. दोन दिवस भाषणं झाली, ठराव झाले. उठायची वेळ आली आणि अनंतराव चित्रे म्हणाले, आता तळ्यावर जाऊ. झालं! रांगा लागल्या, बाबासाहेब पुढं. त्यांनी ओंजळ भरली, मग सगळ्यांनी.

नंतर काय झालं ते पाठ आहे. देवळात घुसणार अशी आवई उठवली, जेवत्या माणसांवर दांडकी चालवली, शेणमुतानं तळं 'शुद्ध' केलं. ऑगस्टात नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. म्हणजे ठरावाची किंमत किती ती बघा.

डिसेंबरची गोष्ट मात्र आपण भाषणात घाईनं उरकतो. 25 तारखेला मनुस्मृती जाळली, इथं टाळ्या. पण कोर्टाचा मनाई हुकूम होता. हजारोंनी सत्याग्रहाला नावं दिलेली, आणि बाबासाहेबांनी तो तहकूब करायला सांगितलं. मोर्चा तळ्याला वळसा घालून, पाण्याला हात न लावता परतला. लहानपणी मला याची लाज वाटायची. आता वाटतं, हजारो खवळलेल्या माणसांपुढं उभं राहून 'थांबा' म्हणायला कसलं काळीज लागत असेल. कोर्टात दहा वर्षं गेली. 17 मार्च 1937 ला हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला.

आणि त्याच मुक्कामात बायाबापड्यांनी काय केलं? बाबासाहेब म्हणाले, जातीची खूण सांगणारी लुगडी नेसू नका, खालपर्यंत नेसा. भाषण संपलं आणि आयांनी लुगडी खाली सोडून नेसली. ठराव नाही, कमिटी नाही. आपल्या इतिहासात याला चार ओळी मिळतात, मला तर यावर अख्खा अंक काढावासा वाटतो.

आता माझं. शाळा नववीत सुटली, सूतगिरणीत रिंग खात्यात उभा असतो. आमच्या वस्तीतून मसणवाटेला जायला रस्ता नाही. पावसाळ्यात तिरडी दुसऱ्याच्या बांधावरनं न्यायची, शिव्या खायच्या. गेल्या आषाढात माझी आजी तशीच नेली. रस्त्याचा ठराव ग्रामसभेत होऊन दोन वर्षं झाली, कागद फायलीत. तहसीलला अर्ज लिहायचं मंडळानं माझ्यावर टाकलं. कविता लिहितोस ना, म्हणाले. तीन वेळा लिहिला, तीन वेळा फाडला. ऱ्हस्व-दीर्घ चुकंल, साहेब हसंल, हेच डोक्यात.

चौथा लिहून झालाय. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असंल. सोमवारी पहिली पाळी आहे, तीनला सुटतो. गेटावर कोण कोण येताय ते सांगा. एकट्याला अजून धीर होत नाही.