सात रविवार

पन्हाळ्यावरच्या बंडाच्या शेवटच्या दिवसाची तारीख पक्की आहे: 1 डिसेंबर 1844, रविवार. जोतिबाचा वार. 1660 मध्ये सिद्दी जौहर याच पन्हाळ्याला चार महिने वेढा देऊन बसला होता. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन त्याच्या मदतीला आला होता, तरी तट फुटला नाही. 184 वर्षांनी तो एका दिवसात फुटला. या दिवसाचे घड्याळ मात्र तोफेच्या पहिल्या बारापासून लावून चालत नाही. ते कचेरीतल्या दौतीपासून लावावे लागते.

सहा वर्षे आधी

नोव्हेंबर 1838. कोल्हापूरचे छत्रपती शहाजी ऊर्फ बावासाहेब वारले. गादीवर आले शिवाजी ऊर्फ बाबासाहेब, वयाने लहान. कारभार राजघराण्यातल्या बायकांकडे आणि कारभाऱ्यांकडे गेला, आणि कंपनी सरकारने नेहमीप्रमाणे 'घडी नीट बसवायला' आपला माणूस दिला: दाजी कृष्ण पंडित.

वर्षभर आधी

पंडितांची सुधारणा कागदावर सरळ होती. गडाखालच्या जमिनी मामलेदाराच्या ताब्यात द्यायच्या, गडाचा वेगळा हिशेब बंद. पण गड म्हणजे दगडांची रास नव्हे. मराठा, ब्राह्मण, रामोशी, महार, बेरड अशा साऱ्या जातींचे गडकरी पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहत. दिवस मावळला की दरवाजा ओढून घ्यायचा, अडसर सरकवायचा, तटावरून गस्त घालायची आणि त्याबद्दल पायथ्याची जमीन खायची. आज्याने लावलेला अडसर नातू लावतो, हीच त्यांची सनद. आता त्याच जमिनीसाठी गड उतरून कारकुनापुढे उभे राहायचे. सुधारणा देवाधर्माची नव्हती, वतनाची होती. पण वतन हा गडकऱ्याचा धर्मच होता.

इथे इंग्लंडची आठवण येते. 1536 मध्ये आठव्या हेन्रीने मठ बंद करायला घेतले तेव्हा उत्तरेकडची माणसे झेंडे घेऊन उठली. राग राजावर नव्हता, त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्यावर होता. इथेही तेच. छत्रपतींचे नाव सगळ्यांच्या तोंडी, शिव्या फक्त पंडिताला. असे बंड राजाला फार सोयीचे पडते आणि बंड करणाऱ्याला फार महागात.

पाच महिने आधी

1844 चा पावसाळा. गडहिंग्लजकडचा सामानगड आणि गारगोटीजवळचा भुदरगड यांच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. बंडाची पहिली कृती एवढीच, रोजचेच काम. फरक इतकाच की सकाळी दरवाजा उघडला नाही. बेळगावहून इंग्रजी फौज निघाली.

सात रविवार आधी

13 ऑक्टोबर. नवरात्र नुकतेच बसलेले. जनरल डेलामोटच्या फौजेने सामानगड हल्ला करून घेतला. आग इथेच विझायला हवी होती, असे बेळगावच्या छावणीला वाटले असेल. झाले उलटेच. खुद्द कोल्हापुरात शिबंदी उठली, बाबाजी आहिरेकर पुढे झाला, पंडित कैदेत पडले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना बंडवाल्यांच्या हाती लागला आणि त्याला पन्हाळ्यावर आणून कोंडले. प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवरून उतरवण्याच्या कारस्थानात ज्याचा हात होता, तोच हा ओव्हान्स. तटाआड त्याला बसलेला पाहून कितीजण मनात सुखावले असतील!

सुख फसवे होते. रेसिडेंट हाती असणे म्हणजे तहाला ओलीस मिळाले, असा गडाचा हिशेब. कंपनीचा हिशेब वेगळा: रेसिडेंटला हात लावला की मग तडजोडीचे नाव काढायचे नाही. ओव्हान्स पुढे जिवानिशी सुटला. गड सुटला नाही.

आदली रात्र

कार्तिक वद्य. चंद्र उशिरा उगवणारी रात्र, माथ्यावर बोचरा गारठा. अंधारबावीत पाणी होते, धान्यासाठी अंबरखान्याच्या प्रचंड इमारती होत्या. वेढा सोसायला बांधलेला गड होता हा. त्यात एकच गृहीत होते, की समोरच्याला वेळ लागेल.

पहिला प्रहर

तोफा सुरू झाल्या. तट फोडायची रीत अगदी रटाळ असते: एकाच जागी, पुन्हा पुन्हा, जितके खाली मारता येईल तितके. आधी नुसती धूळ उडते. मग एक चिरा सरकतो, वरचे त्याच्या पाठोपाठ येतात आणि तटाचाच ढिगारा तटावर चढायची वाट होतो. आतल्याने किती शौर्य दाखवावे हा प्रश्नच यात उरत नाही. कोंडाजी फर्जंदाने 1673 मध्ये साठ माणसांनिशी हाच गड घेतला, तो अंधार, कडा आणि छातीच्या बळावर. या सकाळी यातले काहीच कामाचे नव्हते.

दिवस मावळताना

खिंडारातून फौज आत शिरली आणि गड पडला. समोरच्या डोंगरावर जोतिबाचा रविवार होता.

नंतर

गडकऱ्यांची चाकरी मोडली, बंड मोडण्याचा खर्च कोल्हापूर दरबाराच्याच माथी बसला. तटबंदी खिळखिळी करून टाकली आणि पूर्वेचा चार दरवाजा पाडून टाकला. गडाचे हे मुख्य दार पुन्हा कुणी ओढून घेऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. आता कोल्हापूरहून येणारा गाडीरस्ता तिथूनच वर चढतो. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. नाक्यावर काच खाली करायची, प्रवासी कराची पावती घ्यायची आणि आत जायचे.