सर्पगंधेचे मूळ आणि प्रयोगशाळेचा कौल

सर्पगंधा हे हात-दीड हात उंचीचे, ओलसर सावलीत वाढणारे लहानसे झुडूप. औषधी गुण त्याच्या मुळात. प्राचीन संहिता व निघंटू यांतील 'सर्पगंधा' आणि 'नाकुली' ही नावे नेमकी याच वनस्पतीची की अन्य कोणाची, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्या नावांभोवतीचा संदर्भ मुख्यतः विषनाशाचा आहे. आपल्या गोव्यात राहून गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये जो औषधिग्रंथ छापविला, त्यातही सर्पविषावरील मुळ्यांची व मुंगसाची कथा येते. तेथील एक मूळ बहुधा हेच, असे मानले जाते.

परंतु बिहारच्या खेड्यांत हेच मूळ 'पागल की दवा' म्हणून विकले जाई. ग्रंथ विषाकडे बोट दाखवितात, लोकव्यवहार उन्मादाकडे. ज्याने जन्मभर पोथ्यांचे पाठ ताडून पाहिले, त्याला हे मान्य करणे थोडे जड जाते. पण या प्रकरणी लोकमुखातील नाव हेच अधिक विश्वसनीय दस्तऐवज ठरले, यात शंका नाही.

१९३१ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाबवृद्धी या दोहोंवर हे मूळ उपयोगी पडते, असा निबंध प्रसिद्ध केला. त्याच वर्षी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी व रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळाचे रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केले. अशा पृथक्करणाची रीत थोडक्यात अशी: वाळल्या मुळाचे चूर्ण मद्यार्कात भिजवून अर्क काढावयाचा, तो आटवावयाचा, आम्ल व अल्क यांच्या साहाय्याने अल्कलॉइडे वेगळी करावयाची आणि त्यांचे स्फटिक मिळवावयाचे. सिद्दिकींना पाच द्रव्ये मिळाली. अजमलीन, अजमलिनीन व अजमलिसीन ही पांढरी. सर्पेंटीन व सर्पेंटिनीन ही पिवळी. पहिल्या तिघांच्या नावांत १९२७ मध्ये दिवंगत झालेले हकीम अजमल खान आहेत. एका संस्थेने आपल्या संस्थापकाचे ऋण इतक्या सुंदर रीतीने फेडल्याचे उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. (सर्प आणि लॅटिन सर्पेन्स हे शब्दही एकाच धातुकुळातले, हे जाता जाता सांगावेसे वाटते.)

एवढे होऊनही कोडे सुटले नव्हते. संपूर्ण मूळ दिल्यावर रोग्याला जी शांत झोप लागे, तिचा उलगडा या स्फटिकांनी होईना. कलकत्त्याच्या संशोधकांचे लक्ष १९४० नंतरच्या दशकात अर्काच्या चिकट, राळेसारख्या अंशाकडे गेले. स्फटिक मिळविण्याच्या मार्गात जो गाळ अडथळा वाटे, त्यातच गुण दडला होता!

१९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यक जागे झाले. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीतील म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी त्या राळेतून रिसर्पिन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. किलोभर मुळातून ते फार तर ग्रॅम-दीड ग्रॅम मिळते. १९५६ मध्ये वुडवर्ड यांनी त्याचे संपूर्ण संश्लेषणही साधले.

रिसर्पिन मेंदूतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचा साठा रिता करते, हे १९५५ मध्ये दिसून आले. पण काही रुग्णांना त्यामुळे गाढ विषण्णता येत असल्याचेही आढळले आणि नवी औषधे येताच त्याचा वापर घटला. ज्या मुळाने उन्मत्ताला शांत केले, त्याचेच सत्त्व दुसऱ्याला खिन्न करू शकते, हे आपल्या 'वनौषधी निरुपद्रवी असतात' या लाडक्या समजुतीला न मानवणारे आहे. उलट, अजमलीन आज हृदयाच्या ठोक्यांतील एक विशिष्ट दोष उघड करण्याच्या चाचणीत वापरले जाते. सिद्दिकींचे स्फटिक अगदीच वाया गेले नाहीत.

मात्र औषध मुळात असल्याने ते काढावयाचे तर झुडूपच उपटावे लागते. जगभरच्या मागणीने रानातील सर्पगंधा इतकी विरळ झाली की १९९० मध्ये तिचा समावेश संकटग्रस्त जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करावा लागला.