अडुळशाची कुळकथा

परसातला अडुळसा कोणा पूर्वजाने औषधासाठी मुद्दाम आणून लावला असेल, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या झुडपाचा आपल्या घरी प्रथम प्रवेश झाला तो कुंपणाच्या निमित्ताने, असे मला वाटते. पावसाळ्याच्या तोंडी वीतभर लांबीची जून फांदी, दोन पेरी जमिनीत जातील अशी तिरपी खोचून दिली, की ती विनासायास मूळ धरते; आणि पाने इतकी कडू व उग्र असतात, की बांधावरचे सर्व काही ओरबाडणारी शेळीसुद्धा त्यांना तोंड लावीत नाही. मुठेच्या उजव्या कालव्यामुळे बागायत झालेल्या, हवेली तालुक्यातल्या मौजे लोणी काळभोरसारख्या गावी हद्द राखायला याहून बिनखर्ची रखवालदार कोणता मिळणार?

औषध म्हणून मात्र याची कुळी फार प्राचीन. ‘वासा’ या नावाने आयुर्वेदाने त्याला कास, श्वास, रक्तपित्त आणि राजयक्ष्मा या विकारांत मानाचे स्थान दिले. ताजे पान नुसते कुटून रस सहजासहजी निघत नाही, म्हणून वैद्यांनी पुटपाकाची युक्ती योजिली: पानांचा ठेचा करून त्याचा गोळा वडाच्या किंवा एरंडाच्या पानांत गुंडाळावयाचा, वर चिखलाचा बोटभर लेप द्यावयाचा, निखाऱ्यांत तो लेप लाल होईतो भाजावयाचा, आणि मग आतला ऊन गोळा फडक्यात पिळून हिरवट काळा रस मधाबरोबर चाटवावयाचा. घरोघरच्या आजीबाईंनी एवढा खटाटोप न करता पाने वाफवून तेच साधले.

लोणीहून जवळच असलेल्या थेऊरला, चिंतामणीच्या सान्निध्यात, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव पेशवे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने गेले. ज्या व्याधीवर शास्त्राने वासा सांगितला, तिच्यापुढे त्या काळचा कोणताच उपाय चालला नाही, हे स्मरून मन आजही विषण्ण होते. अडुळसा कफ सुटा करतो, छातीला आराम देतो. क्षयाच्या जंतूचा उच्छेद करणे हे त्याचे काम नव्हे, आणि तो जंतूदेखील रॉबर्ट कॉख यांना सापडला तो १८८२ साली.

पुढे १८८८ मध्ये उटकमंड येथील सरकारी सिंकोना खात्याचे रसायनज्ञ डेव्हिड हूपर यांनी या पानांतून व्हॅसिसीन नावाचे कडू द्रव्य वेगळे काढले. त्याच्या घडणीवरून विसाव्या शतकात जर्मनीत ब्रोमहेक्झीन सिद्ध झाले, आणि त्याचेच पुढचे रूप असलेले अँब्रोक्सॉल आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांत असते. व्हॅसिसीनने गर्भाशय आकुंचन पावते. यास्तव गर्भिणीला अडुळसा देऊ नये, आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला किंवा थुंकीत रक्त दिसले, तर काढ्यावर विसंबून न राहता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी.