इन्हिबिटरने नक्की कोणाला अडवलं?

इन्हिबिटर टाकला, परिणाम दिसला, म्हणजे ते काम त्याच एंझाइमचं. असा निष्कर्ष तुम्हीही कधीतरी काढाल. त्याआधी डीपीपी-४ची गोष्ट ऐकून ठेवा.

हे एंझाइम १९६६ साली होप्सू-हावू आणि ग्लेनर यांनी शोधलं. तेव्हा त्याचा मधुमेहाशी संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पुढे आतड्यातून स्रवणारं जीएलपी-१ हे संप्रेरक सापडलं. जेवल्यावर ते स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटायला मदत करतं, पण रक्तात जेमतेम दोनेक मिनिटं टिकतं. का? १९९३मध्ये मेंटलाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की डीपीपी-४ त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्लं कापून टाकतं. मग साधा विचार आला: ही कात्रीच अडवली तर? १९९८मध्ये डुकरांवरच्या प्रयोगात व्हॅलिन-पायरोलिडाइडने ती अडवली आणि जीएलपी-१चा इन्सुलिनवरचा परिणाम वाढला.

खरी अडचण पुढेच होती. मर्क कंपनीकडे दोन रेणू होते. अणू तेच, फक्त अवकाशातली मांडणी वेगळी. दोघंही डीपीपी-४ला सारखंच रोखायचे. पण प्राण्यांवर विषारी परिणाम दिसले, आणि एकाचे दुसऱ्यापेक्षा जास्त. इथे जरा थांबा आणि विचार करा. दोष डीपीपी-४ रोखण्यात असता, तर दोघांचा त्रास सारखाच हवा होता ना?

म्हणून संशय गेला भाऊबंदांवर, म्हणजे डीपीपी-८ आणि डीपीपी-९वर. फक्त या दोघांना रोखणारा रेणू दिला, तर तसाच त्रास झाला. फक्त डीपीपी-४ला रोखणारा दिला, तर झाला नाही. हे काम २००५मध्ये छापून आलं. निवडक रेणूच्या शोधातून घडलेल्या सिटाग्लिप्टिनला ऑक्टोबर २००६मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. पहिल्याच त्रासाला घाबरून 'हे लक्ष्यच धोकादायक' असं ठरवलं असतं, तर हे औषध आलंच नसतं.

डीपीपी-४चा इन्हिबिटर आज प्रयोगशाळेतही लागतो. सक्रिय जीएलपी-१ मोजायचं असेल, तर रक्त घेतानाच तो नळीत हवा आणि नळी बर्फात. विसरलात तरी आकडा येईलच, पण नळीत किती जीएलपी-१ कापलं गेलं ते त्यात दिसणार नाही.

तुमच्या प्रयोगात एकाच इन्हिबिटरवर विसंबू नका. रचनेने वेगळा दुसरा वापरून बघा, जमलं तर ते जनुक काढलेल्या पेशीही घ्या. त्या पेशींतही इन्हिबिटरचा तोच परिणाम दिसला, तर तुम्ही भलत्यालाच पकडलंय.