झाड तोडण्याआधी कुणाला विचारायचं?



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटातल्या एका ताईच्या परसातल्या फणसाला गिऱ्हाईक आलं. घरातल्या पुरुषांनी विसारही घेतला. ज्या सासूबाईंनी घागरीने पाणी घालून तो फणस वाढवला, त्यांना मात्र कुणी विचारलं नाही. तेव्हा मला एक जुना नियम आठवला.

शिवाजी महाराजांच्या काळापासून कारभार पाहिलेल्या रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यात आरमाराच्या लाकडाचा नियम आहे. जहाजाला फळ्या लागतात, डोलकाठ्या लागतात. त्यासाठी रानातला साग सरकारची परवानगी काढून तोडावा, कमी पडेल ते लाकूड बाहेरच्या मुलखातून विकत आणावं. आंबा-फणसाचं लाकूडही जहाजाच्या कामाचं, पण त्याला हात लावायचा नाही. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जुनं झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावं. जबरदस्ती करू नये.

म्हणजे लाकूड वापरूच नका असं ते सांगत नाहीत. कुठलं तोडायचं आणि कुणाला विचारून, हे सांगतात.

तोडलेलं लाकूड नीट वापरलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. मुंबईच्या गोदीत 1817 मध्ये सागवानाचं ‘ट्रिंकोमाली’ जहाज बांधलं. ते आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे तो लवकर कुजत नाही. आपल्या दारा-खिडक्यांचं लाकूड मात्र ओलं असतानाच बसवलं, की वाकतं आणि तडकतं. फळ्या सावलीत रचाव्यात, दोन थरांमध्ये पट्ट्या ठेवून वारा खेळू द्यावा, पुरत्या सुकल्या की मगच सुताराकडे द्याव्यात.

आज महाराष्ट्रात 1964 चा वृक्षतोड कायदा आहे. आंबा, फणस, साग ही झाडं आपल्या मालकीची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

आमच्या ताईने शेवटी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “पोकळ झालाय तो, मला ठाऊक आहे. पण यंदाचे फणस उतरू द्या, आणि आधी दोन रोपं लावा.” रोपं लावली आहेत. परवानगीचा अर्जही गेला आहे.

तुमच्या दारी व्यापारी आला, तर विसार घेण्याआधी झाडाला पाणी घालणारीला विचारा.