व्हीएफ-१ व्हॅल्किरी

जपानी अ‍ॅनिमेशनमधील रूप बदलणारे काल्पनिक लढाऊ विमान. १९८२-८३ मध्ये प्रसारित झालेल्या ‘सुपर डायमेन्शन फोर्ट्रेस मॅक्रॉस’ या ३६ भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेत ते प्रथम दिसले. आरेखन शोजी कावामोरी यांचे.

रचना : विमानाची बाह्यरेषा अमेरिकी नौदलाच्या एफ-१४ टॉमकॅटवर बेतलेली असून पंख मागे-पुढे वळतात. फायटर (विमान), गरवॉक (हातपाय फुटलेले विमान) आणि बॅट्रॉइड (मानवाकृती यंत्र) अशी त्याची तीन रूपे आहेत. बॅट्रॉइड रूपात इंजिनांचे पाय होतात आणि धूर सोडणारी नळकांडी पावले बनतात. शत्रू महाकाय असल्याने मानवाकृतीची गरज पडते, असे कथेत कारण दिले आहे.

खेळणी : ताकातोकू टॉइज कंपनीने १/५५ प्रमाणाचे खेळणे काढले. १९८४ मध्ये ती बुडाल्यावर त्याचे साचे बांदाईकडे गेले. तेच खेळणे १९८५ मध्ये हॅस्ब्रोच्या ट्रान्सफॉर्मर्स मालिकेत ‘जेटफायर’ म्हणून विकले गेले. पुढे यामातो, आर्केडिया व बांदाई यांनी अधिक रेखीव आवृत्त्या काढल्या.

संग्राहकांमधील वादाचा मुद्दा जुनाच आहे : एकही भाग न काढता रूपांतर व्हावे, तिन्ही रूपे पडद्यावरच्यासारखी प्रमाणबद्ध दिसावीत आणि सांधेही टिकावेत. या तिन्ही गोष्टी एकत्र साधणे अवघड असल्याने जुने दणकट खेळणे आणि नवे नाजूक खेळणे या दोहोंचे चाहते वेगवेगळे आहेत.