विजेने ओढलेला धागा

पनवेलहून रसायनीकडे गेलं की पाताळगंगेच्या काठी पॉलिएस्टरचा मोठा कारखाना लागतो. रिलायन्सने ड्यू पाँटच्या तंत्रावर तो 1982 साली सुरू केला. तिथली रीत समजायला ईदच्या शेवयांचा साचा डोळ्यांपुढे आणा. पॉलिएस्टरचे दाणे अडीचशे अंशांच्या वर वितळवायचे, तो पाक बारीक भोकांच्या चकतीतून दाबून काढायचा, गार हवेत थिजवायचा, ताणून गुंडाळायचा. केसाहून बारीक धागा मिळतो. पण भोकं आणखी बारीक केली तर ती तुंबतात. नॅनोधागा हवा तो केसाच्या शंभराव्या भागाहूनही बारीक. तिथे साचा हात टेकतो.

मग दाबायचं सोडून ओढायचं. पॉलिमर द्रावकात विरघळवून सुईतून थेंब सोडायचा आणि त्याला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा. थेंब शंकूसारखा टोकदार होतो, टोकातून निघालेली धार चाबकासारखी वळवळते, द्रावक उडून जातं आणि समोरच्या पत्र्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखा पापुद्रा साचतो.

आपल्याला वाटतं, हे सगळं कालपरवाचं. पण घासलेला अंबर जवळ नेला की पाण्याचा थेंब टोकदार होतो, हे इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने 1600 सालीच लिहून ठेवलं. विजेने धागा काढण्याची पेटंटं 1902 मध्ये अमेरिकेत निघाली. जर्मनीच्या फॉर्महाल्सने 1934 मध्ये त्यातून कापडाचा धागा काढू पाहिला. 1938 साली सोव्हिएत रशियात पेत्र्यानोव आणि सहकाऱ्यांनी याच रीतीने गाळणीचं कापड केलं. ते विषारी वायूच्या मुखवट्यांत बसलं, पुढे अणुकेंद्रांत गेलं, आणि लष्करी गुपित म्हणून पडद्याआड राहिलं.

मला या हकिगतीत खुपतं ते इथेच. त्याच काळात आपल्या गिरणगावात कापसाचं तूस श्वासावाटे आत जाऊन कामगारांची फुफ्फुसं निकामी होत होती. बारीक धूळ अडवणारं कापड जगात होतं. त्यांच्या तोंडावर मात्र फार तर फडकं.

1964 मध्ये जेफ्री टेलरने त्या शंकूचं गणित मांडलं, तरी 1990 नंतर अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन विद्यापीठात डॅरेल रेनेकर यांनी हात घालेपर्यंत ही विद्या बहुतेकांच्या विस्मरणातच होती. अडचण उरली वेगाची. एका सुईतून तासाला ग्रॅमभर माल निघणंही कठीण. पाताळगंगेच्या मापाने हा विनोदच! चेक देशातल्या लिबेरेत्स विद्यापीठात यिर्साक यांच्या चमूने या शतकाच्या आरंभी सुईच काढून टाकली. द्रावणात अर्धा बुडालेला रूळ फिरवला, आणि त्याच्या ओल्या पाठीवरून एकाच वेळी असंख्य धारा उठल्या. कापड मीटरने मोजता येऊ लागलं ते तेव्हापासून.